साडेपाचचा बार

आमच्या घरापासून अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध पायी चार मिनिटांवर आहे. घर दाखवणाऱ्या एजंटबाईंनी हे अशा थाटात सांगितलं की मला ती ग्रॅनाइटच्या ओट्यासारखीच एक सोय वाटली. महिना नोव्हेंबरचा. बॉस्टनजवळच्या लेक्सिंग्टनचं ते त्रिकोणी मैदान वाळक्या पानांखाली निपचित पडलेलं. टोकाला एक पुतळा, मागे चर्च, कडेला जुनी बकमन खानावळ. "वस्ती शांत आहे गं," असं बायकोला म्हणून मी सही केली. घर एप्रिलमध्ये बघायचं असतं, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

झालं होतं असं. 19 एप्रिल 1775 च्या पहाटे बॉस्टनहून निघालेले सुमारे सातशे ब्रिटिश शिपाई काँकर्डमधला दडवलेला दारूगोळा जप्त करायला चालले होते. वाटेत आमच्या मैदानावर कॅप्टन जॉन पार्कर 77 गावकऱ्यांना घेऊन उभा होता. कुणीतरी बार काढला. कुणी, ते आजतागायत ठरलेलं नाही. काही मिनिटांत आठ गावकरी मेले, दहा जखमी झाले आणि पलटण काँकर्डच्या रस्त्याला लागली. एवढंच. पण हे एवढंच दर वर्षी पेट्रियट्स डेला, म्हणजे एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी, पहाटे साडेपाचला पुन्हा घडतं आणि आमच्या खिडक्यांची तावदानं त्यात भाग घेतात.

एका दिवसाचं असतं तर कापूस घालून निभावलं असतं. पण मार्च लागला की शेजाऱ्यांचा मुलगा फाइफ काढतो. फाइफ म्हणजे आखूड, सहा भोकांची बासरी. तिच्यातून विरह, यमुनातीर वगैरे काही निघत नाही. ढोलाच्या वरताण ऐकू यावं एवढ्याचसाठी ती जन्माला आली आहे. त्याच्या जोडीला ताशासारखं वाद्य बडवणारी त्याची बहीण. 1775 साली त्या मैदानावर ढोल वाजवून माणसं गोळा करणाऱ्या विल्यम डायमंड नावाच्या पोराच्या नावाने गावात मुलांचं पथकच आहे, त्यामुळे तक्रार करायची सोय नाही. तक्रार केली तर ती थेट राष्ट्रपुरुषाविरुद्ध जाते. मग रंगीत तालीम. ठासणीच्या बंदुका, आत गोळी नाही, नुसती दारू. गोळी नाही म्हणजे आवाजही बेताचा असेल, अशी माझी पहिल्या वर्षी समजूत होती. त्या वर्षी चहाचे दोन कप फुटले.

आदल्या रात्री साडेअकराला पॉल रिव्हिअर, ब्रिटिश निघाल्याची खबर देणारा, घोड्यावरून हँकॉक-क्लार्क वाड्यापाशी येतो. (मी त्याला वाडा म्हणतो. दुमजली लाकडी घर आहे, पण आतल्या पाहुण्यांची नावं सॅम्युअल अॅडम्स आणि जॉन हँकॉक होती, म्हणजे बंडाचे पुढारी.) इथला एक किस्सा मला फार जवळचा आहे. त्या रात्री दारावर विल्यम मन्रो पहारा देत होता. घरची मंडळी झोपलीत, आवाज करू नका असं सांगितलंय, असं त्याने रिव्हिअरला बजावलं. त्यावर रिव्हिअर म्हणाला, "आवाज? थोड्या वेळात हवा तेवढा आवाज ऐकाल!" अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या पोटात शिरलेली आवाजाविरुद्धची ती पहिली तक्रार. पुतळा करायचाच तर मन्रोचा करावा, ओठावर बोट ठेवलेला.

खरं संकट मात्र बंदुकांचं नव्हे, पाहुण्यांचं. पहाटे रस्ते बंद, गाडी लावायला जागा नाही, आणि पुढची रांग तर उजाडायच्या दोन तास आधीच भरते. तेव्हा अॅक्टन, श्रूजबरी, वेस्टबरो इथल्या आमच्या ओळखीच्या मंडळींनी एक सोपा उपाय शोधून काढला. आमच्याकडे झोपायला यायचं. गेल्या वर्षी तेरा जण होते. एकाने येताना शिडी आणली. कुलाब्याच्या रंगाऱ्यांच्या भाषेत घोडा. गर्दीवरून दिसावं म्हणून लोक शिड्या घेऊन येतात, आणि ज्यांच्याकडे नसते ते शिडीवाल्यांशी ओळख काढतात. रिव्हिअरचा घोडा मैदानाकडे गेला तसा हा आमच्या जिन्यात अडकला.

त्या वर्षी आई कुडाळहून आली होती. चारला मी तिला उठवायला गेलो तर ती दोन स्वेटर, वर माझं जाकीट, डोक्याला मफलर अशी तयार बसलेली. "दशावताराक जातव ना आमी रातभर, तसाच ना ह्या?" मी हो म्हटलं. अंगाला झोंबणारी थंडी, पायाखाली चिखल. घंटाघरातली घंटा वाजायला लागली. अंधुक उजेडात लाल डगलेवाल्यांची पलटण आली. आरडाओरडा, एक बार, मग सगळे एकदम. पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि गंधकाचा वास थेट घशात गेला. माझी मुलगी कान झाकून आजीला चिकटली. ती शाळेत दारं लावून, दिवे घालवून, बाकाखाली गप्प बसण्याच्या कवायती करते. कशासाठी, ते तिला ठाऊक आहे. "खरं नाहीये ना?" हे तिने तीनदा विचारलं. ते ऐकून शिडीवरच्या काकांनी फोन खाली केला.

आईचं लक्ष दुसरीकडे होतं. तिने आयुष्यभर पहाटेच्या वेळी राकेस मरताना पाहिलेत, त्यामुळे मरण्याच्या बाबतीत तिच्या अपेक्षा मोठ्या. "संकासुर मरता तेवा भुंय हादरता. ह्यो नुसतो आडवो पडलो," ती म्हणाली. तो आडवा पडलेला आमचा शेजारी होता, फाइफवाल्याचा बाप. मरण्याआधी त्याने खिशातून रुमाल काढून नाक पुसलेलं तिने टिपलं होतं.

मग धूर विरला आणि कडेच्या घरांतून बायका धावत आल्या. इथे काही वाजत नाही. हजारो माणसं उभी असतात आणि ओल्या गवतावरून घागऱ्यांची सळसळ तेवढी ऐकू येते. जोनाथन हॅरिंग्टन नावाचा एक जण गोळी लागल्यावर सरपटत स्वतःच्या दारापर्यंत गेला आणि उंबऱ्यावर मेला, असं इथे सांगतात. घर अजून आहे, मैदानाच्या कडेला. आईने कुठलं ते विचारलं. मी दाखवलं. तिने मैदानावरून घरापर्यंत एकदा नजरेने अंतर मोजलं. "जवळच आसा," एवढंच म्हणाली.

आठ मेले हे मी वाचलं होतं. पण ते मैदान आमच्या शाळेच्या क्रीडांगणाएवढंही नाही, त्यावर उभे असलेले एकमेकांचे चुलते, मेहुणे, साडू होते, मन्रो आणि हॅरिंग्टन यांची तर रीघच होती, हे छापील ओळीतून कळत नाही. म्हणून, झोपेचं खोबरं झालं तरी, या प्रकाराला मी निव्वळ पोरखेळ म्हणणार नाही. पण आमच्या स्वयंपाकघरात दर वर्षी म्हणणारे असतात.

चर्चमधल्या पॅनकेकच्या नाश्त्याला रांग मोठी होती. ("ही तर गोडी आंबोळी," आईने लांबूनच निकाल दिला.) त्यामुळे तेरा जणांचे पोहे आमच्याकडे. वेस्टबरोचे काका म्हणाले की हे सगळं खोटं आहे, मेलेली माणसं उठून कॉफी पितात, पोरांना युद्ध म्हणजे गंमत वाटायला लागते. यात तथ्य आहे. खुद्द अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याचंही हेच म्हणणं आहे. कितीही अभ्यास करा, खऱ्या लढाईची शोकांतिका उभी करता येत नाही, म्हणून त्यांच्या जागेत समोरासमोर गोळीबार करून माणसं पाडायला बंदी आहे. त्याच दिवशी पुढची चकमक झाली तो काँकर्डचा पूल त्यांच्या ताब्यात, आमचं मैदान गावाचं. त्यामुळे काँकर्डला नुसते बार निघतात. मरायचं असेल तर लेक्सिंग्टनलाच यावं लागतं.

यावर लेक्सिंग्टनकरांना मनातून केवढा आनंद होत असेल! या दोन गावांची भाऊबंदकी जुनी आहे. लढाईनंतर आठवडाभरात इथल्या माणसांनी शपथेवर जबान्या दिल्या, तेव्हा सगळा भर पहिली गोळी ब्रिटिशांनी झाडली यावर. पन्नास वर्षांनी, खरा प्रतिकार आमच्याकडे झाला असं काँकर्ड म्हणायला लागल्यावर, त्यातल्याच उरलेल्या म्हाताऱ्यांकडून लेक्सिंग्टनने नव्या जबान्या घेतल्या. या खेपेला भर आम्हीही गोळ्या झाडल्या यावर. 1894 साली सुट्टी जाहीर व्हायची वेळ आली तेव्हा एकाला लेक्सिंग्टन डे हवा, दुसऱ्याला काँकर्ड डे. गव्हर्नरने वैतागून पेट्रियट्स डे ठेवलं. आपल्या गावच्या मानापमानाच्या बैठकीत तो गृहस्थ सहज खपला असता.

"तरी यांनी जपलंय," श्रूजबरीच्या वहिनी म्हणाल्या. "आपल्याकडे असं काही आहे का?"

मला राहवलं नाही. 1775 च्या मार्चमध्ये राघोबादादाने सुरतेत कंपनीशी तह केला. एप्रिलमध्ये इथे बार निघाला. मेमध्ये तिकडे गुजरातेत अडासला इंग्रज आणि पेशव्यांच्या फौजा भिडल्या. एकाच वसंतात, एकाच राजाच्या नावाने दोन्हीकडे. आणि बॉस्टनच्या बंदरात बुडवलेला चहाही त्याच कंपनीचा. पुढे जानेवारी 1779 मध्ये महादजी शिंद्यांनी इंग्रजांना वडगावात कोंडून तह करायला लावला. ते वडगाव पुणे-लोणावळा लोकलचं स्टेशन आहे.

"मी चार वर्षं त्या लोकलने जायचो," वेस्टबरोचे काका म्हणाले.

"उतरलात कधी?"

"वडगावला कशाला उतरेन?"

तेरा जणांत एकही उतरलेला निघाला नाही. मीही नाही. सगळ्यांनी पोह्यांत मान घातली. तेवढ्यात दार वाजलं. शेजारी, सकाळीच मेलेला, गुडघ्यापर्यंत चिखल, अंगाला दारूचा वास. (जुन्या अर्थाची.) आवाजाचा त्रास झाला असेल, माफ करा, असं दर वर्षी सांगायला येतो. आईने त्याला बसवून पोहे वाढले आणि राकसाने कसं पडायचं असतं ते हातवारे करून समजावलं. त्याने ते गंभीरपणे ऐकून घेतलं. यंदा तो तालमीत जरा जास्तच जोरात कोसळला, आणि दुसऱ्या दिवशी काठी घेऊन चालत होता.

यंदा आई कुडाळला. साडेपाचला, म्हणजे तिकडे दुपारी तीनला, तिला फोन लावला आणि खिडकी उघडून हात बाहेर काढला. थंडीने बोटं गारठली. घंटा झाली, बार झाले, तावदानं थरथरली. तिकडे लग्नसराई, शेजारच्या मांडवात कर्णा लागलेला.

"काय्येक ऐकाक येणा नाय रे झिला," आई ओरडली. "जरा मोठ्यान फोडूक सांग त्यांका!"