दोनदा हरण्याची सोय

जगातल्या बहुतेक स्पर्धांमध्ये हरलेल्या माणसाला घरी जाऊ देतात. गल्लीतल्या कॅरमपासून विम्बल्डनपर्यंत हाच शिरस्ता आहे: सामना गमवावा, हात मिळवावा, पिशवी खांद्याला लावावी आणि निघावे. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन सॉफ्टबॉलच्या कॉन्फरन्स, म्हणजे महाविद्यालयांच्या एका गटाच्या, अजिंक्यपद स्पर्धेत मात्र एवढी माणुसकी नाही. तेथे पहिला पराभव झालेला संघ बाहेर पडत नाही. तो तक्त्याच्या खालच्या अर्ध्या भागात उतरतो आणि तेथून एकेक सामना जिंकत पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत चढण्याची त्याला पूर्ण मुभा असते. दुसऱ्यांदा हरल्यावरच त्याची सुटका होते. या व्यवस्थेला डबल एलिमिनेशन म्हणतात आणि खेळणाऱ्यांच्या दृष्टीने ती अत्यंत न्याय्य आहे, हे मला मान्य आहे. परंतु मी खेळणारा नाही, खेळणारीचा बाप आहे. मे महिन्यात मध्य इलिनॉयच्या सपाट मुलखात, नुकतीच मक्याची पेरणी झालेल्या शेतांच्या मधोमध, घडीच्या खुर्चीवर ब्लँकेट लपेटून ज्याला बसावे लागते, त्याचे न्यायाविषयीचे मत थोडे वेगळे असू शकते.

हिशेब करण्याची खोड असल्यामुळे मी पहिल्याच दिवशी तक्ता पुढे घेऊन बसलो. स्पर्धेत सहा संघ. विजेता सोडून उरलेले पाचही संघ प्रत्येकी दोनदा हरल्याखेरीज स्पर्धा संपू शकत नाही, म्हणजे किमान दहा सामने झालेच पाहिजेत. आणि विजेताही वाटेत एकदा हरलेला असेल, तर अकरा. प्रत्येक सामना सात इनिंगचा, बरोबरी झाली तर त्याहून लांब, घड्याळाची मर्यादा कोठेही नाही, आणि हे सगळे एकाच मैदानावर. हा हिशेब मी शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांना, म्हणजे आमच्या शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा राखणाऱ्या मुलीच्या) वडिलांना, मोठ्या गांभीर्याने समजावून सांगितला. ते शेतकरी होते. त्यांनी आभाळाकडे पाहिले आणि “त्यात पाऊसही धरा” एवढेच म्हणाले.

आमची कन्या ज्या महाविद्यालयात शिकते ते एनसीएएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेच्या, तिसऱ्या विभागात, म्हणजे डिव्हिजन थ्रीमध्ये, मोडते. ती कॉलेजच्या संघातून खेळते असे कळल्यावर पुण्यातल्या नातेवाइकांनी “मग फी माफ असेल” असे परस्पर ठरवून टाकले होते, आणि ते ऐकून मलाही काही काळ बरे वाटत असे. वस्तुस्थिती अशी की तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायला मुळी परवानगीच नाही. तेथे मुली केवळ हौसेने खेळतात आणि पालक त्या हौसेचे पेट्रोल भरतात. कॉन्फरन्सचे अजिंक्यपद जिंकणाऱ्या संघाला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो, हे त्यातले एकमेव व्यावहारिक फळ. आणि राष्ट्रीय स्पर्धा म्हणजे आणखी पेट्रोल.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला हा खेळ कळायला जो त्रास होतो, त्याची सुरुवात चेंडू टाकण्यापासून होते. १९८१ साली मेलबर्नला ट्रेव्हर चॅपलने शेवटचा चेंडू अंडरआर्म सरपटत टाकला, त्याची नालस्ती आम्ही आमच्या वडिलांच्या तोंडून ऐकत आलो. येथे तर सगळीच गोलंदाजी अंडरआर्म! पण ती पाहिल्यावर चॅपलविषयी वाटणारा तिरस्कार वेगळ्या कारणाने वाढतो, कारण हात खालून फिरवून इतके काही करता येते हे त्या माणसाला ठाऊकच नव्हते. पिचर, म्हणजे इथली गोलंदाज, हात पवनचक्कीसारखा गरगर फिरवते आणि अवघ्या त्रेचाळीस फुटांवरून, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीच्या दोन तृतीयांशाहूनही कमी अंतरावरून, ताशी साठ मैलांच्या आसपास वेगाने पिवळाधमक चेंडू सोडते. तो बॅटपाशी पोहोचायला अर्धा सेकंदसुद्धा लागत नाही. वर तो चेंडू कधी शेवटच्या क्षणी उचलल्यासारखा वाटतो, कधी खाली बुडतो, तर कधी मध्येच आळसावल्यासारखा हळू येतो आणि बॅट फिरून गेल्यावर पोहोचतो.

बाकीचे नियम मी अजून शिकतो आहे. तिसरा स्ट्राइक झाला, म्हणजे तिसऱ्यांदा चेंडू हुकला किंवा मारण्याजोगा सोडून दिला, की बॅटर आउट, इतके मला पाठ होते. पण तो चेंडू कॅचरच्या, म्हणजे इथल्या यष्टिरक्षकाच्या, हातून निसटला, आणि पहिला बेस रिकामा असला किंवा आधीच दोन आउट झालेले असले, तर ती बॅटर आउट न होता पहिल्या बेसकडे पळत सुटते. ज्या मुलीसाठी मी आताच सहानुभूतीने “अरेरे” म्हटले, ती दुसऱ्या क्षणी बेसवर उभी राहून मैदानाकडे पाहत टाळ्या वाजवत असते. अशा वेळी आजूबाजूचे पालक काय करतात हे पाहून मीही तेच करतो. कन्येने माझ्यावर घातलेली बंधने वेगळीच आहेत. “बाबा, तू प्लीज ‘हाउज दॅट’ ओरडू नकोस. आणि अंपायरला ‘सर’ म्हणू नकोस. त्याला ब्लू म्हणतात.” अंपायरच्या शर्टाचा रंग त्या दिवशी फिकट राखाडी होता, पण सगळे पालक “कम ऑन, ब्लू!” असेच विनवत होते, म्हणून मीही विनवले.

ओरडण्याची उणीव मात्र भासत नाही, कारण मैदानाबाहेर बसलेल्या मुली दर चेंडूला गातात. आपल्या बॅटरने चेंडू सोडून दिला तरी गाणे, फटका बाहेर गेला तरी गाणे, समोरच्या पिचरला थोडे चिडवायचे असले तर त्याचेही ठेक्यातले गाणे, टाळ्या आणि बादलीवरच्या तालासह. तिकडे तिसऱ्या बेसजवळ उभ्या असलेल्या प्रशिक्षक मधूनच तीन आकडे मोठ्याने पुकारतात आणि त्यासरशी सगळ्या मुली एकदम स्वतःच्या मनगटाकडे पाहतात. मनगटावर छापील तक्ता बांधलेला असतो आणि त्या आकड्यांत पुढचा डावपेच दडलेला असतो. आमची कन्या लेफ्ट फिल्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या डावीकडच्या दूरच्या भागात, असते. तिच्याकडे चेंडू क्वचित जातो, आणि जातो तेव्हा वाऱ्यावर स्वार होऊन जातो, त्यामुळे आम्हाला काळजी करण्यासाठी भरपूर मोकळा वेळ मिळतो. आमच्या पिचरच्या आईची अवस्था आमच्याहून कठीण. त्यांना लेकीचा सामना बघवत नाही आणि सोडवतही नाही, म्हणून त्या धावफलकामागे जाऊन उभ्या राहतात आणि गर्दीच्या आवाजावरून स्कोअर ओळखतात. त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही.

हा खेळ जन्माला आला तोच मुळी रिकामा वेळ घालवताना. १८८७ च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात काही तरुण मंडळी हार्वर्ड आणि येल यांच्यातल्या फुटबॉल सामन्याचा निकाल ऐकायला जमली होती. त्यांच्यापैकी एकाने गंमत म्हणून बॉक्सिंगचा हातमोजा दुसऱ्याकडे भिरकावला, त्याने तो काठीने टोलवला, आणि जॉर्ज हॅनकॉक नावाच्या गृहस्थांनी त्यातून चक्क एक खेळ बनवला. यातला मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटणारा मुद्दा असा की हा खेळ छपराखाली खेळण्यासाठी निघाला होता. शिकागोच्या हिवाळ्यात बाहेर पडू नये, एवढी समज त्या काळच्या लोकांना होती. पुढे कोणाच्या डोक्यात तो उघड्या मैदानावर न्यायचे आले आणि छप्पर तेवढे मागे राहिले. जेथे हा खेळ जन्मला त्याच राज्यात, त्या बोट क्लबापासून गाडीने काही तासांच्या अंतरावर, मी पावसाळी जाकीट घालून थर्मासातला चहा पीत बसलो होतो आणि हॅनकॉक साहेबांचा मूळ विचार किती योग्य होता याविषयी माझ्या मनात यत्किंचितही शंका उरली नव्हती.

पहिला सामना आम्ही एका धावेने हरलो. संध्याकाळी आठच्या सुमारास साताऱ्याहून आईचा फोन आला. तिकडे सकाळचे साडेसहा झाले होते आणि तिची पूजा आटोपली होती.

“काय रे, कसं झालं?”

“हरले, आई.”

“असू दे. पोरीला रागावू नका. म्हणजे आता घरी निघालात ना?”

“नाही. उद्या सामना आहे.”

“हरले म्हणालास ना?”

“एकदाच हरले. अजून एकदा हरायचं आहे.”

पलीकडे थोडा वेळ शांतता पसरली. “तिला नीट जेवायला घाला,” असे म्हणून तिने विषय मिटवला.

जेवणाची जबाबदारी खरोखरच आमच्याकडे होती. सामन्यांच्या मधल्या वेळात संघाला खाऊ घालण्याचे काम पालक वाटून घेतात, त्याचा तक्ता हंगामाआधीच तयार होतो, आणि दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात आमच्या नावापुढे कोणीतरी उत्साहाने “काहीतरी इंडियन” असे लिहिले होते. त्याखाली ठळक अक्षरांत सूचना होती: दोन मुलींना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, तरी दाणे आणू नयेत. दाण्याचे कूट वर्ज्य म्हटल्यावर मराठी स्वयंपाकघरात उरते काय? साबुदाण्याची खिचडी गेली, कांदेपोहे गेले, काकडीची कोशिंबीर गेली, भरल्या वांग्यांचा तर प्रश्नच मिटला. सौभाग्यवतींनी बराच विचार करून बटाटेवडे ठरवले आणि त्यांच्या जोडीची सुकी चटणी, जिच्यात आमच्याकडे दाणे असतातच, ती जड अंतःकरणाने घरी ठेवली. हॉटेलच्या खोलीत तळण करता येत नाही, म्हणून वडे घरून तळून, फॉइलमध्ये गुंडाळून, थर्माकोलच्या पेटीत आले होते. मैदानाच्या कडेला पेटी उघडली तेव्हा मला मनातून शरमल्यासारखे होत होते, कारण शेजारच्या टेबलावर सँडविच, चिप्स आणि संत्र्यांच्या फोडी अशी सुटसुटीत मांडणी होती. डोळ्यांखाली काळे पट्टे ओढलेल्या एका धिप्पाड मुलीने, आमच्या फर्स्ट बेसने, एक वडा उचलला, सगळ्या बाजूंनी पाहिला आणि खाल्ला. मग ती काही न बोलता दोन्ही हातांत वडे घेऊन मैत्रिणींकडे गेली. दहा मिनिटांत पेटीत फक्त फॉइल उरले.

आणि त्यानंतर, आमचा सामना तिसऱ्या इनिंगमध्ये असताना, धान्याच्या कोठारांच्या मागे आभाळ लखलखले. विजेचा नियम अतिशय साधा आहे: वीज दिसली किंवा गडगडाट ऐकू आला की सगळ्यांनी मैदान सोडायचे आणि शेवटच्या विजेनंतर तीस मिनिटे गेल्याशिवाय परत यायचे नाही. मधल्या काळात पुन्हा वीज चमकली की घड्याळ पुन्हा शून्यावर. आम्ही सगळे आपापल्या गाड्यांत जाऊन बसलो. पंधरा मिनिटे झाली, वीस झाली, ढग सरकू लागले, लोकांनी दारे उघडून पाय बाहेर काढले, आणि सत्ताविसाव्या मिनिटाला क्षितिजावर, कुठे तरी फार लांब, एक बारीकशी रेघ चमकली. पार्किंगमधल्या सगळ्या गाड्यांतून एकच सुस्कारा निघाला आणि दारे बंद झाली. हे असे संध्याकाळपर्यंत चालले. शेवटी पाऊस आला आणि निर्णय झाला की उरलेला सामना उद्या होईल आणि उद्याचे सामने परवा. शॉर्टस्टॉपच्या वडिलांनी माझ्या काचेवर टकटक केली, बोटांनी अकराची खूण केली आणि वर पावसाकडे बोट दाखवले. हॉटेलच्या स्वागतकक्षात मुक्काम वाढवण्यासाठी चार संघांचे पालक रांगेत उभे होते, आणि त्यांत आम्ही मराठी कुटुंबच सर्वांत मोठ्या आवाजात बोलत होतो, हे मला कन्येच्या चेहऱ्यावरून समजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रशिक्षक, मुली आणि काही वडील मंडळी मैदानावर पाणी शोषणाऱ्या दाणेदार मातीची पोती रिकामी करत होती, फावड्याने पसरत होती. मीही एक पोते उचलले. त्यानंतर जे झाले त्याला खेळाच्या भाषेत पुनरागमन म्हणतात आणि माझ्या भाषेत मुक्कामवाढ. आमच्या मुली जिंकू लागल्या. थांबलेला सामना त्यांनी जिंकला, त्यानंतरचा जिंकला, त्याच्या पुढचा तर पाचव्या इनिंगनंतर आठ धावांची आघाडी झाल्यामुळे लवकरच संपला, आणि त्या मिनिटभरापुरता मी सॉफ्टबॉलच्या नियमांवर मनापासून खूश झालो. प्रत्येक विजयानंतर आम्ही ओरडत होतो, मिठ्या मारत होतो, आणि मग खुर्च्यांवर बसून पुढच्या सामन्याची वेळ विचारत होतो. माझ्या मनात एक अतिशय क्षुद्र विचार मधूनमधून डोकावत होता, की हरलो तर निदान सोमवारी कामावर वेळेवर जाता येईल. पण पिचरच्या आई धावफलकामागून रडवेल्या चेहऱ्याने हसत बाहेर आल्या की तो विचार आपोआप दडून बसे.

अंतिम सामना रविवारी झाला. तो मदर्स डे होता आणि सगळ्या आया प्लास्टिकच्या पारदर्शक कोटात, हातात कोरड्या मोज्यांची जोडी घेऊन, शुभेच्छा स्वीकारत होत्या. समोर यजमान संघ होता, आणि तो अद्याप एकदाही हरला नव्हता. सातव्या इनिंगमध्ये आमच्या शॉर्टस्टॉपने दोन जणींना घरी आणले, म्हणजे दोन धावा मिळवून दिल्या, आणि आम्ही जिंकलो. आयुष्यात मी इतक्या उंच उडी मारलेली नाही. जमिनीवर आल्यावर मी टाळ्या वाजवत खुर्ची मिटू लागलो, तोच सौभाग्यवतींनी माझा दंड धरला. “अहो, कुठे निघालात? ते पहिल्यांदाच हरलेत.”

खरेच की! त्यांनाही दोनदा हरण्याचा हक्क होता. अर्ध्या तासाने त्याच दोन संघांमध्ये, त्याच मैदानावर, तोच सामना पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला आणि तक्त्यावरचा अकरावा रकाना भरला. हा सामना जादा इनिंगांमध्ये गेला, वारा फिरला, लेफ्ट फिल्डकडे उंच गेलेला एक चेंडू कन्येने कुंपणाला पाठ घासत पकडला, आणि तो कसा पकडला ते मी पाहू शकलो नाही, कारण त्या वेळी मी पिचरच्या आईंबरोबर धावफलकामागे उभा होतो. आवाजावरून मात्र आम्ही दोघांनी बरोबर ओळखले.

आम्ही जिंकलो. सोमवारी राष्ट्रीय स्पर्धेचे गट जाहीर व्हायचे होते, आणि पहिला टप्पा कुठे असेल ते कोणालाच ठाऊक नव्हते. पण तेथेही पद्धत हीच, डबल एलिमिनेशनची. चषकाबरोबरचे छायाचित्र काढून होत होते तेवढ्यात पालकांच्या गटात पुढच्या आठवड्याच्या जेवणाचा नवा तक्ता येऊन पडला. मी तो उघडला तेव्हा आमच्या नावापुढे कोणीतरी आधीच “वडे, दुप्पट” असे भरून ठेवले होते.