कायद्याचा वर्ग आणि सोबत

हार्वर्डच्या कायदा महाविद्यालयात २०२४ साली पहिल्या वर्षाला अवघे १९ कृष्णवर्णीय विद्यार्थी आले. आदल्या वर्षी ते ४३ होते. प्रवेश देताना वंशाचा निकष लावण्यास अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये मनाई केली, त्यानंतरची ही पहिली तुकडी. आमच्या वकील मित्रांच्या गटात यावर ‘गुणवत्तेने प्रवेश झाले, यात बिघडले कुठे?’ असा सूर निघाला, म्हणून हे लिहितो आहे.

तिकडे एलएलएम करत असताना मी संविधानाच्या एका तासाला बसत असे. कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, असे सांगणारा १८५७ चा ड्रेड स्कॉट निकाल ज्या दिवशी वर्गात आला, त्या दिवशी सत्तरेक जणांच्या माना नकळत वर्गातल्या तिघा कृष्णवर्णीयांकडे वळल्या. त्यांतल्या एकीने लॅपटॉपचे झाकण अर्धे खाली ओढले आणि तास संपेपर्यंत ती वहीत काहीबाही गिरवत राहिली. नंतर ती मला कायद्याच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनेच्या खोलीत घेऊन गेली. खोली कसली, एक खचलेला सोफा आणि मागच्या तुकड्यांनी काढलेल्या टिपणांच्या फायलींनी भरलेले कपाट! पहिल्या वर्षाचे गुण बहुतेक विषयांत सत्राअखेरच्या एकाच परीक्षेवर ठरतात; ज्यांच्या घरात वकिली आहे त्यांना कोणता प्राध्यापक काय विचारतो हे जेवणाच्या टेबलावर कळते, बाकीच्यांना हे कपाट. अशा संघटनेची सुरुवात १९६८ साली न्यूयॉर्क विद्यापीठात ए. जे. कूपर या विद्यार्थ्याने केली. तिला ‘वेगळी चूल’ म्हणणाऱ्यांनी ते कपाट एकदा उघडून पाहावे.

खरे तर कायदा शिकायला सोबत लागते, ही गोष्ट त्याच सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्येच मान्य केली होती. हेमन स्वेट हा ह्यूस्टनचा पोस्टमन. टेक्सास विद्यापीठाच्या कायद्याच्या शाळेने वर्णावरून त्याला नाकारले आणि राज्याने कृष्णवर्णीयांसाठी कायद्याची निराळी शाळा उभी केली; खटला वर पोहोचला तोवर तिथे ५ प्राध्यापक आणि २३ विद्यार्थी होते, तर मूळ शाळेत १६ प्राध्यापक आणि ८५० विद्यार्थी. न्यायालय मात्र या मोजदादीवर थांबले नाही. उद्या ज्यांच्यासोबत आणि ज्यांच्यासमोर वकिली करायची, त्यांच्यापासून तोडून कायदा शिकवता येत नाही, असे त्याने म्हटले. स्वेट जिंकला, मूळ शाळेत गेला, पण प्रकृती आणि संसार दोन्ही ढासळल्याने पदवी न घेताच बाहेर पडला. निकालाने त्याला बाक मिळाला, सोबत मिळाली नाही.

मित्रांचा एक मुद्दा मान्य आहे: देशभरातला एकूण आकडा कोसळलेला नाही, मुले दुसऱ्या शाळांत गेली. पण त्या सर्वोच्च न्यायालयाच्या आजच्या नऊ न्यायमूर्तींपैकी आठ जण हार्वर्ड किंवा येलचे आहेत, तेव्हा शाळा कोणती याला काहीच महत्त्व नाही असे निदान वकिलांनी तरी म्हणू नये.

हार्वर्डमध्ये पहिल्या वर्षाचे सुमारे ऐंशी-ऐंशींचे सात वर्ग होतात. १९ जण त्यांत वाटले की एका वर्गात दोघे, फार तर तिघे. ड्रेड स्कॉटच्या तासाला त्यांतला एक आजारी पडला, तर माना उरलेल्या एका-दोघांकडेच वळणार.