माहिती दिली म्हणून मुलं बिघडत नाहीत

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला सहा जणांनी पाठवला. त्याचा सारांश असा: शाळेत लैंगिक शिक्षण आलं की मुलं नको त्या वयात नको ते करू लागतात, मुलांना फक्त संयम शिकवावा, परदेशात हा प्रयोग फसलाय आणि संशोधनानेच ते सिद्ध केलंय, लहानग्यांचं निरागसपण हिरावून घेऊ नका, आणि मुळात हा विषय शाळेचा नाही, घरचा आहे. पाठवणारे सगळे आईबाप आहेत आणि काळजीपोटीच पाठवतात, हे मी जाणते. मी शाळेत समुपदेशनाचं काम करते. ही काळजी रोजच माझ्यासमोर येऊन बसते, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते.

पहिला मुद्दा, म्हणजे मुलं लवकर त्या वाटेला लागतात हा. याची तपासणी एकदा नाही, अनेकदा झाली आहे. युनेस्कोने २००९ साली जगभरातले ८७ अभ्यास एकत्र तपासले. त्यांपैकी ६३ अभ्यासांत नेमकं हेच मोजलं होतं, की असं शिक्षण मिळालेल्या मुलामुलींचा पहिला शरीरसंबंध लवकर येतो का. २३ कार्यक्रमांत तो पुढे ढकलला गेला, ४० मध्ये काही फरक पडला नाही, आणि लवकर आला असं एकाही कार्यक्रमात आढळलं नाही. लैंगिक शिक्षणासाठीच्या युनेस्कोच्या २०१८ च्या सुधारित मार्गदर्शिकेसाठी २२ आढावे आणि ७७ नियंत्रित चाचण्या पाहिल्या गेल्या. त्यातूनही हेच निघालं, की या शिक्षणाने लैंगिक वर्तन वाढत नाही, धोका पत्करण्याचं प्रमाणही वाढत नाही.

या भीतीच्या मुळाशी एक समजूत असते, की आपण बोललो नाही तर मुलांना हे कळणारच नाही. माझ्या वर्गात एक प्रश्नपेटी आहे. चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही, एवढाच नियम. एकदा आठ घड्या घातलेली एक चिठ्ठी निघाली. अक्षर इतकं वाकडंतिकडं, की ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिलं असावं. त्यात होतं, ‘रात्री झोपेत कपडे ओले होतात. मला रोग झाला आहे का? मी मरणार का?’ हा मुलगा किती रात्री एकटाच घाबरून जागला असेल, या विचाराने मलाच गलबलून आलं. आपल्या भाषेत या गोष्टीला शब्दच ‘स्वप्नदोष’ आहे. वयात येताना शरीर जे आपसूक करतं त्याच्या नावातच आपण दोष घालून ठेवलाय. हे नैसर्गिक आहे, याला औषध लागत नाही, ही दोन वाक्यं त्याला कुणी वेळेवर सांगितली असती तर त्यात बिघडण्यासारखं काय होतं? मोठ्यांनी सांगितलं नाही, तर मित्र सांगतात आणि फोनवरचे व्हिडिओ सांगतात. त्या व्हिडिओंत संमती नावाची गोष्ट क्वचितच असते.

मग फक्त संयम शिकवावा का? अमेरिकेत हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं गेलं. तिथल्या संसदेनेच मागवलेल्या आणि २००७ साली आलेल्या अहवालात असे चार कार्यक्रम तपासले होते. दोन हजारांहून अधिक मुलं होती. कुणाला कार्यक्रम मिळेल आणि कुणाला नाही, हे सोडतीने ठरलं होतं. काही वर्षांनी पाहिलं तर दोन्ही गटांतली साधारण निम्मी मुलं संबंधांपासून दूर होती. ज्यांनी संबंध ठेवले त्यांचं पहिल्या वेळचं सरासरी वयही दोन्हीकडे सारखंच होतं, १४.९ वर्षं. लग्नापर्यंत थांबण्याची शपथ घेतलेल्या मुलांचा एक अभ्यास २००९ साली आला. पाच वर्षांनी विचारलं तेव्हा त्यातल्या ८२ टक्के मुलांनी ‘आम्ही शपथ घेतलीच नव्हती’ असं सांगितलं. शपथ न घेतलेल्या, पण बाकी सगळ्या बाबतींत त्यांच्यासारख्याच मुलांपेक्षा त्यांचं वर्तन वेगळं नव्हतं. गर्भनिरोधक साधनं मात्र त्यांनी कमी वापरली होती. थांबणं सगळ्यात सुरक्षित, हे मीही वर्गात सांगते आणि मनापासून सांगते. पण तेवढंच सांगून थांबलं, तर जी मुलं थांबत नाहीत त्यांच्या हातात काहीच उरत नाही.

मेसेजमधला सगळ्यात वजनदार मुद्दा तिसरा आहे, परदेशात हा प्रयोग फसल्याचं संशोधनाने सिद्ध केलंय हा, आणि तो झटकून टाकणं बरोबर होणार नाही. मेसेज ज्यावर बोट ठेवतो तो, वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेचा २०१६ चा आढावा खरोखरच आहे. आठ मोठ्या चाचण्या, ५५,१५७ मुलंमुली. शाळेतल्या नुसत्या शिकवण्याने एचआयव्हीचं, इतर काही लैंगिक संसर्गांचं किंवा गरोदरपणाचं प्रमाण कमी झालेलं त्यात दिसलं नाही. इतकं खरं आहे. लैंगिक शिक्षणाच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही हे लपवू नये. पण मेसेज लिहिणाऱ्याने त्याचा अर्थ ‘नुकसान होतं’ असा लावलाय, आणि तसं त्या आढाव्यात कुठेही नाही. मुली शाळेत टिकाव्यात म्हणून गणवेश किंवा पैसे दिले तर गरोदरपण कमी होऊ शकतं, हेही त्याच आढाव्यात आहे. ते मेसेजमध्ये गाळलंय.

काय शिकवलं आणि कसं शिकवलं, यावर सगळं ठरतं. २०१५ साली निकोल हॅबरलँड या संशोधिकेने २२ कार्यक्रम शेजारी शेजारी ठेवून पाहिले. दहांमध्ये मुलगा-मुलगी भेदभाव, जबरदस्ती आणि नात्यात कुणाचं चालतं या गोष्टींवर उघड बोललं जात होतं. त्या दहांपैकी आठ कार्यक्रमांत संसर्ग किंवा नको असलेलं गरोदरपण खरोखर घटलं. बाकीच्या बारांत हा विषयच नव्हता, आणि तिथे फक्त दोनांना यश आलं. मला हा आकडा पटतो, कारण ज्या मुलीला ‘नाही’ म्हणायची मुभाच नाही तिला निरोधाची माहिती पाठ असून काय उपयोग?

पश्चिम केनियातला प्रयोग तर मी दरवर्षी सांगते. आठवीच्या मुलींना चाळीस मिनिटांच्या एका तासात एकच गोष्ट आकड्यांनिशी दाखवली, की वयाने मोठ्या पुरुषांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण त्यांच्या वयाच्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहे. पुढच्या वर्षभरात त्या शाळांतलं किशोरवयीन गरोदरपण २८ टक्क्यांनी कमी झालं. याच प्रयोगात काही शाळांमधल्या शिक्षकांना संयमावर भर देणारा सरकारी अभ्यासक्रम शिकवण्याचं प्रशिक्षण दिलं होतं. तिथे गरोदरपणात फरक पडला नाही.

उलटं उदाहरणही आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात ५७ शाळांमधल्या १३ ते १५ वर्षांच्या मुलींवर एक चाचणी झाली. रात्री-अपरात्री रडणारी बाहुली मुलींकडे सांभाळायला द्यायची, म्हणजे आईपणाची धास्ती बसेल आणि त्या सावध राहतील, ही कल्पना. बाहुली मिळालेल्या गटातल्या ८ टक्के मुली किशोरवयातच आई झाल्या, न मिळालेल्या गटातल्या ४ टक्के. गर्भपातही ९ विरुद्ध ६ टक्के. घाबरवणं म्हणजे शिक्षण, ही समजूत किती महाग पडू शकते ते इथे दिसलं.

निरागसपणाबद्दल थोडक्यात. पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी युनेस्कोच्या त्या मार्गदर्शिकेत शरीराच्या अवयवांची खरी नावं आहेत, कुटुंबं वेगवेगळी असतात हे आहे, आणि माझ्या शरीराला कुणी कसा हात लावायचा हे मी ठरवणार, हे आहे. शरीरसंबंधांचे धडे नाहीत. लैंगिक अत्याचारापासून बचाव शिकवणाऱ्या शालेय कार्यक्रमांचे २४ अभ्यास, एकूण ५,८०२ मुलं, असा कॉक्रेनचाच २०१५ चा आढावा आहे. मुलांची समज वाढली, स्वतःला जपण्याचं वागणं वाढलं, आणि त्यांच्या मनात भीती किंवा चिंता वाढली असं आढळलं नाही. ज्या अवयवाचं नावच घ्यायचं नसतं, तिथे कुणी हात लावला तर मूल सांगणार कोणत्या शब्दांत?

राहिला घरचा विषय. घरी बोलायलाच हवं, यात वाद नाही. मागच्या पालकसभेत मी प्रश्नपेटीतले पंधरा प्रश्न माझ्या अक्षरात उतरवून वाचून दाखवले. खोलीत बराच वेळ कुणीच बोललं नाही. सभा संपल्यावर एक वडील मागे थांबले. कपडे ओले होण्याचा प्रश्न त्यांच्या मुलानेही मागे एकदा विचारला होता आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला होता. ‘बाई, ते उत्तर जरा लिहून देता का?’ म्हणाले. ‘आज रात्री सांगतो त्याला.’