सगळे कॉल २०१ वरच का?

ऑफिसातला फोन आधी कुणाकडे वाजणार हे ज्याने कुणी ठरवलंय ना, त्याला एकदा सकाळी साडेनऊला माझ्या खुर्चीत आणून बसवा. दुपारपर्यंत बसू दे. मग येऊ दे माझ्यासमोर आणि म्हणू दे की मॅडम तुमचे मिस्ड कॉल फार आहेत.

आमचं पंपांचं सर्व्हिस सेंटर, सांगलीत. तक्रारीचा नंबर एकच, पाच टेबलं, पाच एक्स्टेन्शन, २०१ ते २०५, आणि २०१ माझं, कारण मी दारापासून पहिल्या टेबलावर बसते, दुसरं काही कारण नाही. तो नंबर येऊन पडतो या पाच एक्स्टेन्शनच्या एका ग्रुपवर आणि त्या ग्रुपचं सेटिंग आहे लिनियर. म्हणजे प्रत्येक नवीन कॉल आधी २०१ ला जाणार, २०१ बिझी असेल किंवा उचलला नाही तर २०२, मग २०३, असं करत करत शेवटी २०५. पुढचा कॉल आला की परत पहिल्यापासून, २०१. आधीचा कॉल कुणी घेतला, कोण तासभर बोलून घसा कोरडा करून बसलंय, कोण मोबाईलवर रील बघतंय, कशाशीच देणंघेणं नाही. वर्गात बाईंनी रोज पटावरच्या पहिल्या नंबरालाच फळा पुसायला उठवावं आणि वर्षाच्या शेवटी त्यालाच ओरडावं की तुझे कपडे खडूने का भरलेत, तसला प्रकार आहे हा.

आणि हे मी रागाच्या भरात फुगवून सांगत नाहीये, याचं गणित आहे आणि ते शंभर वर्षांहून जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचा गणिती होता, त्याने १९०९ मध्ये टेलिफोनच्या कॉलवर पेपर लिहिला आणि १९१७ मध्ये सूत्रं दिली, इतके कॉल आले तर किती लाइनी लागतील, किती जण अडकतील, आणि आजही जगभर तीच सूत्रं वापरतात, कॉलच्या लोडच्या एककाला नावच त्याचं आहे. तासाला ३० कॉल, एकेक सरासरी ४ मिनिटांचा, म्हणजे तासात १२० मिनिटांचं, दोन तासांचं बोलणं, म्हणजे २ एर्लांग. पाच जणांत सारखं वाटलं तर एकेकाच्या वाट्याला २३-२४ मिनिटं येतात. तेच लिनियरवर टाका, पाचही जण जागेवर आहेत आणि बिझी असला की कॉल लगेच पुढे सरकतो असं धरा, तर पहिला माणूस तासातली ४० मिनिटं फोनवर, दुसरा ३२, तिसरा साधारण २३, चौथा १४ आणि पाचवा ७. सात मिनिटं! हुद्दा तोच, पगार तोच, फक्त एक्स्टेन्शनचा नंबर वेगळा. यात २०५ वाल्याचा काही दोष नाही, त्याच्याकडे फोन येतच नाही तर तो काय करणार, पण त्याला "काय शांत काम करतो बघा" म्हणायचं आणि मला "तुमचं काम पेंडिंग का राहतं" विचारायचं, हे मला सहन होत नाही.

बरं चाळीस मिनिटं बोलून झालं म्हणजे काम झालं असं आहे का? प्रत्येक कॉलची तक्रार चढवायची असते. नाव, गाव, तालुका, पंप किती एचपीचा, बोअरवर की विहिरीवर, स्टार्टर कुठला, वॉरंटी आहे का, आणि सिरियल नंबर. तो सिरियल नंबर म्हणजे एक दिव्य असतं. पट्टी गंजलेली, त्यावर चिखल, शेतकरी एका हातात मोबाईल धरून दुसऱ्या हाताने पुसून पुसून वाचणार, "ताई, सात हाय का एक हाय कळंना बगा, थांबा जरा", आणि आपण थांबतो, थांबायलाच पाहिजे, कारण एक आकडा चुकला तर वॉरंटी रिजेक्ट होते आणि मेकॅनिक चाळीस किलोमीटर जाऊन हात हलवत परत येतो. आणि नेमकं तेव्हा कानात टूं टूं सुरू. कॉल वेटिंग. सगळ्या एक्स्टेन्शनला कॉल वेटिंग चालू ठेवलंय, आणि त्याचा परिणाम असा की मी बोलत असले तरी सिस्टिमच्या हिशोबाने मी बिझी नाहीच, तो दुसरा कॉलसुद्धा आधी माझ्याच कानात वीस सेकंद टूं टूं करत बसतो, मग पुढे जातो. पलीकडे तीन माणसं रिकामी बसलेली असताना! वरचं ४० मिनिटांचं गणित तर कॉल वेटिंग बंद धरून आहे हो. आणि टूं टूं मध्ये एक आकडा ऐकू आला नाही की मी परत विचारते, शेतकरी वैतागतो, "आत्ताच सांगितला की", त्याचं तरी काय चुकलं?

आणि ते वीस सेकंद फक्त माझे जातात असं कुणी समजू नका. आपल्याकडची रिंग ट्रिंग-ट्रिंग आणि मग गप्प, असं एक चक्र तीन सेकंदांचं असतं. वीस सेकंद म्हणजे सहा-सात वेळा. दुपारी डबा खायला मी, २०२ आणि २०३ एकत्र उठलो की बाहेरून फोन करणाऱ्या माणसाला आधी तीन रिकाम्या खुर्च्यांवर मिळून साठ सेकंद रिंग ऐकायला लागते, आणि मग कुठे २०४ चा फोन वाजायला लागतो. पूर्ण एक मिनिट. ग्रुपमधून लॉगआउट करायची सोय सिस्टिममध्ये आहे, कोड दाबला की आपलं एक्स्टेन्शन ग्रुपबाहेर, आल्यावर परत कोड, पण ती सोय आम्हाला चालू करून दिलेलीच नाही, का तर "लोक लॉगआउट करून बसतील". म्हणजे आमच्यावर विश्वास नाही म्हणून शेतकऱ्याने उन्हात उभं राहून रिकाम्या खुर्चीची रिंग ऐकायची. रात्री थ्री फेजची पाळी असते, रात्रीत मोटार ट्रिप होते नाहीतर वाइंडिंग जळतं, तो माणूस रात्रभर जागलेला असतो, पीक डोळ्यासमोर वाळत असतं, आणि सकाळी ऑफिस उघडायची वाट बघून सगळे एकदमच फोन लावतात. मी उचलल्यावर पहिलं वाक्य काय असतं माहितीये? "किती वेळ झाला रिंग जातीया, कुणी उचलंनाच, झोपला काय सगळी?" शिव्या मी खाते. सेटिंग करणारा एसीत बसलेला असतो.

आता रिपोर्ट. यावर तर माझं डोकंच फिरतं. महिन्याला एक्स्टेन्शनवार मिस्ड कॉलचा रिपोर्ट निघतो आणि मीटिंगमध्ये स्क्रीनवर लावतात. लिनियरमध्ये प्रत्येक कॉल आधी माझ्याकडे येणार, मी टॉयलेटला गेले, झेरॉक्स काढायला गेले, दुसऱ्या कॉलवर होते आणि टूं टूं कडे बघता आलं नाही, की माझ्या नावावर एक मिस्ड. तोच कॉल पुढे २०३ ने घेतला, तक्रार नोंदली, शेतकऱ्याचं काम झालं, तरी माझ्या नावावर तो मिस्डच. त्याच्या खात्यात एक कॉल घेतला, माझ्या खात्यात एक सोडला. म्हणजे जी सगळ्यात जास्त फोन घेते तिच्याच नावावर सगळ्यात जास्त मिस्ड, आणि २०५ चा रिपोर्ट कोरा करकरीत. आणि साहेब आकडा वाचून दाखवतात सगळ्यांसमोर. मी म्हटलं, सर, मी घेतलेल्या कॉलचा पण कॉलम लावा ना शेजारी. तर म्हणे आत्ता तो विषय नाही. मग कोणता विषय आहे?

मध्ये एकदा मी फारच बोलले म्हणून सगळ्यांना एकदम रिंग लावली. आलेला कॉल पाचही टेबलांवर एकाच वेळी वाजणार. त्या खोलीत बसून बघा, पाच फोन एकदम कोकलतात तेव्हा समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पहिले दोन दिवस सगळे झडप घालत होते, दोघांनी एकदम उचलला की एकाला कॉल आणि दुसऱ्याला नुसता डायल टोन, नंतर प्रत्येकाला वाटायला लागलं दुसरा उचलेल, आणि उचलत कोण होतं हे मी सांगायला नको. वर एकाने घेतला की बाकी चारही फोनवर मिस्ड कॉल. नेटवर्कवर चालणाऱ्या चांगल्या आयपी फोनला "हा कॉल दुसरीकडे उचलला गेलाय" असं कळवता येतं, मग तो मिस्ड म्हणून दाखवत नाही, आमच्याकडे ते पण सेट केलेलं नव्हतं. मग नवीन आलेला पोरगा इमानदारीत मिस्ड नंबरवर परत फोन लावायचा आणि शेतकरी म्हणायचा आत्ताच तर बोललो की तुमच्या बाईंशी. झालं, "तुमचीच आयडिया होती" म्हणून परत लिनियर. माझी आयडिया ती नव्हतीच! मी फिरतं सेटिंग, म्हणजे सर्क्युलर, मागितलं होतं, प्रत्येक नवीन कॉल पुढच्या टेबलापासून सुरू.

आणि त्याहून कहर, त्या एकदम रिंगच्या दिवसांतच कुणीतरी फिल्डवरच्या सुपरवायझरचा मोबाईल त्याच ग्रुपमध्ये घातला, म्हणजे कुणीच नाही तर तो तरी उचलेल. आमच्या बाहेरच्या लाइनी अजून साध्या ॲनालॉग आहेत. त्या लाइनवरून मोबाईल लावला की समोरच्याने खरंच उचलला का नुसती रिंग जातीये हे सिस्टिमला कळत नाही, एक्स्चेंजकडून पोलॅरिटी रिव्हर्सल, म्हणजे उचलल्यावर लाइनचं प्लस-मायनस उलटं होण्याचा इशारा, मिळालं तरच कळतं, नाहीतर नंबर फिरवला की सिस्टिम धरून चालते की उचलला. त्यामुळे कॉल आला, आमचे फोन अर्धवट एकदा वाजले आणि बंद, कॉल गेला मोबाईलवर, आणि तो सुपरवायझर कुठे तरी विहिरीत उतरलेला, रेंज नाही, शेतकऱ्याला "संपर्क क्षेत्राच्या बाहेर" ऐकू यायचं. आणि आम्हाला विचारणा, आज फोन कमी का आले. मोबाईल घालायचाच होता तर रांगेत सगळ्यात शेवटी घालायचा, एवढी साधी गोष्ट प्रोग्रामिंग करणाऱ्याला कळू नये?

त्या प्रोग्रामिंगवाल्याबद्दल तर बोलायलाच नको. सिस्टिमचा पासवर्ड त्याच्याकडे, आमच्याकडे नाही. एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, आहे म्हणतात पण सेटिंग बदलायला व्हिजिट चार्ज वेगळा. फोन केला की "मॅडम डिफॉल्टला आहे ते, सगळीकडे असंच असतं". सगळीकडे असंच नसतं. याच सिस्टिममध्ये सर्क्युलर आहे, म्हणजे गेल्या वेळी २०१ ने घेतला तर पुढचा २०२ पासून सुरू. एसीडीचं, म्हणजे कॉल आपोआप वाटून देणाऱ्या सोयीचं, लायसन्स घेतलं तर जो सगळ्यात जास्त वेळ रिकामा आहे त्याच्याकडे पुढचा कॉल जातो, आणि फोन ठेवल्यावर नोंद करायला अर्धा-एक मिनिट मिळतं, तेवढ्या वेळात कॉल येत नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलंय सगळं, मी वाचलंय. लायसन्सला पैसे नाहीत हे समजू शकते, पण सर्क्युलर करायला पैसे लागत नाहीत, पाच मिनिटं लागतात. त्या पाच मिनिटांसाठी मी मेल लिहिला, साहेबांना सांगितलं, ॲडमिनला सांगितलं, ॲडमिन म्हणे आयटीचं आहे, आयटी म्हणे टेलिफोन आमच्याकडे येत नाही. शेवटी एक जण म्हणाला, "अगं ताई, तू जागा बदलून घे ना." म्हणजे मी उठायचं आणि २०१ वर दुसऱ्या कुणाला तरी बसवायचं, बहुतेक ती नवीन लागलेली पोरगी, तिला अजून कुणाला नाही म्हणता येत नाही. मी नाही बदलणार जागा.

येत्या आठवड्यात तो प्रोग्रामिंगवाला बॅटरी बदलायला येतोय म्हणे. मी कागदावर लिहून ठेवलंय, ग्रुप सर्क्युलर करा, कॉल वेटिंग पाचही एक्स्टेन्शनचं बंद करा, रिंग वीस सेकंदांऐवजी बारा ठेवा, लॉगआउटचा कोड चालू करा, सुपरवायझरचा मोबाईल ग्रुपमधून काढा. व्हिजिटला येतोयच तर वेगळा चार्ज पण लागणार नाही. आणि ते झालं नाही, तर पुढच्या मीटिंगमध्ये मिस्ड कॉलचा रिपोर्ट स्क्रीनवर लागला की घेतलेल्या कॉलचा रिपोर्ट मी स्वतः प्रिंट काढून प्रत्येकाच्या समोर ठेवणार आहे, साहेबांच्या पण.