शेवभाजीच्या टेबलावरून बंदोबस्त कसा लावावा

भाऊ, फुटबॉलचा जाणकार व्हायला फुटबॉल खेळलेलं असावं लागतं, ही अफवा आधी डोक्यातून काढा. रात्री साडेबाराला जागं राहता आलं, हॉटेलात टीव्हीसमोरची खुर्ची धरता आली आणि दर दोन मिनिटांनी "काय खेळून राहिला भो हा!" असं ओरडता आलं की झालं. लहानपणी भुसावळच्या रेल्वे ग्राउंडावर बाहेर गेलेला बॉल एकदा जरी आणून दिला असेल, तर स्वतःला माजी खेळाडू म्हणवून घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही.

डावपेचांचं काम सोपं आहे. ४-४-२ (चार बचावाला, चार मधे, दोन पुढे) ही मांडणी जुनाट, ४-३-३ आधुनिक, आणि संघ हरला की दोन्ही चूक. मत ठाम हवं, पण ते निकाल लागल्यावर द्यावं. २०२२ च्या वर्ल्ड कपात सौदी अरेबियानं अर्जेंटिनासमोर आपली बचावफळी थेट मध्यरेषेकडे सरकवली. "येडे झाले का हे, पाच गोल खातील!" हे तेव्हा म्हणायचं. पहिल्याच हाफमध्ये अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड (पास सुटतानाच खेळाडू बचावफळीच्या पलीकडे गेलेला) ठरले आणि शेवटी सौदी २-१ नं जिंकलं, की "मी म्हटलंच होतं" हे नंतर म्हणायचं. ऑफसाइडचा सापळा समजावताना ताटातले कांदे-लिंबू कामी येतात. चार कांदे एका दमात पुढे सरकले पाहिजेत. एक जरी झोपला, तर लिंबू म्हणजे मेस्सी एकटाच गोलकीपरसमोर. आणि अधूनमधून "स्पेस" म्हणत राहा. स्पेस दिली नाही, स्पेस शोधली नाही, खेळ सगळा स्पेसचा आहे भो. माना डोलतात.

बंदोबस्ताचा विषय निघाला की मात्र ही स्पेस खिशात घाला. खेळाडूंना जागा लागते. पब्लिकला लाठी लागते. कुठल्याही देशात, कुठल्याही मैदानावर चेंगराचेंगरी झाली की पहिलं वाक्य तुमचं असू द्या : "लोकं पिऊन आली असतील."

हे वाक्य मोठ्या घराण्यातलं आहे. १५ एप्रिल १९८९ ला इंग्लंडात शेफील्डच्या हिल्सबरो मैदानाबाहेर गर्दी कोंडली, म्हणून पोलिसांनी बाहेर पडायचं फाटक आत यायला उघडलं. पण प्रेक्षकांच्या आधीच भरलेल्या मधल्या कप्प्यांकडे जाणारा बोगदा बंद करायचं कोणी पाहिलं नाही. समोर लोखंडी जाळी. ९७ माणसं गेली आणि पोलिसांनी बोट दाखवलं चाहत्यांकडे. चाहत्यांचा दोष नव्हता, हे ज्यूरीनं सांगेपर्यंत २०१६ साल उजाडलं. टेबलावर कोणी असं काही काढलंच, तर वेटरला हाक मारून रस्सा मागवा.

इंडोनेशियाच्या मलांगचंही काढू देऊ नका. तिथे १ ऑक्टोबर २०२२ ला पोलिसांनी थेट प्रेक्षकांच्या स्टँडमध्ये अश्रुधूर सोडला, लोक अरुंद दारांकडे धावले आणि १३५ जीव गेले. मैदानात असला धूर वापरू नये, असं फिफाच्या सुरक्षा नियमांत आधीपासून लिहिलेलं होतं. पण नियम वाचून मत बनवायला आपण काय वकील आहोत?

कोलकात्याचं उदाहरण तेवढं चालेल, कारण ते विनोदी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये डुरंड कपातला मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना रद्द झाला, कारण बंदोबस्ताला पोलीस पुरेनात. मग दोन्हीकडचे चाहते, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे, आर. जी. कर रुग्णालयात बलात्कार करून खून झालेल्या डॉक्टर तरुणीसाठी न्याय मागत सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र जमले. त्यांच्यावर लाठ्या चालवायला पोलीस पुरले.

आता आपल्या तालुक्याच्या चषकाकडे या, कारण तुमच्या ज्ञानाची खरी गरज इथे आहे. बंदोबस्त बघा कसा शास्त्रशुद्ध असतो. सगळे शिपाई स्टेजभोवती : प्रमुख पाहुण्यांचं मॅन-टू-मॅन मार्किंग. गॅलरीकडे दोन होमगार्ड, तेही पब्लिककडे पाठ करून, कारण मॅच त्यांनाही बघायची असते. गोलसमोर दहा जण उभे करून बचाव केला, तर फुटबॉलवाले म्हणतात "बस लावली". आपल्याकडे मैदानाच्या एकुलत्या एका गेटात पाहुण्यांची गाडी लावतात. आतून बाहेर मुंगी निघत नाही. हे गाडीचं गेटवाल्याला सांगायला जाऊ नका. पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात कोण उठतं? त्यापेक्षा बसल्या जागी "आपल्या लोकांना शिस्तच नाही" म्हणा आणि दुसरं गेट नाही म्हणून भिंतीवरून उडी मारून घरी जा.

आणि त्या रेटारेटीत चुकून एखादी लाठी तुमच्याच पोटरीवर बसली, तर ताबडतोब फॉर्मेशन बदला. "साहेब, आम्ही फॅमिलीवाले आहोत, पब्लिक तिकडे आहे." पोटरी सुजली असेल तोवर नागरिकांच्या हक्कांवर बोललात तरी चालेल. फायनल रविवारी आहे, तोपर्यंत सूज उतरते.