चुकलेल्या रविवारचा दंड

काल कट्ट्यावर विषय निघाला तो फादर थॉमस स्टीफन्स यांचा. १५७९ साली गोव्यात आलेले आणि पुढे मराठीत क्रिस्तपुराण रचणारे हे इंग्रज जेझुइट, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या एका संघाचे पाद्री, मायदेशी परतले असते तर? १५८५ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये सापडलेला इंग्रज जेझुइट राजद्रोही ठरत होता आणि त्याला जाणूनबुजून आसरा देणाऱ्यालाही मृत्युदंड होता.

आमचा वकील मित्र इंग्लंडच्या तेव्हाच्या प्रोटेस्टंट राणी एलिझाबेथची बाजू घेऊन म्हणाला, "अरे, १५७० मध्ये पोपने तिला बहिष्कृत केलं, प्रजेला तिच्या आज्ञेतून मोकळं केलं. कुठलं राज्य हे सहन करेल? हा प्रश्न धर्माचा नव्हताच, राज्य टिकवण्याचा होता."

त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे मी मान्य केले. पण रविवारी सरकारमान्य चर्चमध्ये न जाणाऱ्याला बारा पेन्सांचा दंड १५५९ मध्येच, म्हणजे पोपच्या फतव्याच्या अकरा वर्षे आधी बसला होता, आणि १५८१ मध्ये तोच महिन्याला वीस पौंडांवर नेला, तेव्हा पाहिले जात होते ते कट रचणाऱ्यांकडे नव्हे, तर प्रार्थनेला कोण आले नाही याकडे.

मूळचा गोव्याचा असलेला तिसरा मित्र तोवर गप्प होता. तो म्हणाला, "स्टीफन्स गोव्यात होते तेव्हा तिथे त्यांच्याच चर्चचं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणारं न्यायालय, चालू होतं, १५६० पासून. तेही बोल ना." बोललेच पाहिजे, आणि एलिझाबेथच्या आधी तिच्याच कॅथलिक बहिणीने सुमारे २८० प्रोटेस्टंटांना जाळले, हेही सांगितले पाहिजे, पण एकाच्या पापाने दुसऱ्याचे पाप फिटत नाही.

वकील मात्र हटेना. पकडलेल्या पाद्र्यांना विचारला जाणारा प्रश्न त्याने पुढे केला : पोपचे सैन्य उतरले, तर तू कोणाकडून लढशील?

मला आठवली ती यॉर्कच्या खाटकाची बायको मार्गारेट क्लिथरो. ती कॅथलिक, नवरा प्रोटेस्टंट; तिचे दंड तोच भरायचा. पाद्र्यांना घरात लपवल्याच्या आरोपावरून तिला न्यायालयात उभे केले. तिला कोणी पोपच्या सैन्याबद्दल विचारले नव्हते; गुन्हा कबूल आहे की नाही, एवढेच विचारले होते. खटला चालला असता तर साक्षीसाठी तिच्याच मुलांना उभे केले असते, म्हणून ती काहीच कबूल करेना की नाकारेना. त्या नकाराचीच शिक्षा म्हणून २५ मार्च १५८६ रोजी तिच्या पाठीखाली टोकदार दगड ठेवला, अंगावर दार टाकले आणि ती मरेपर्यंत त्यावर वजने चढवली.