डबा मॉरिशसला नेताना

मॉरिशसला जायचं ठरलं की सगळ्यात आधी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढा. बेट नक्की कुठे आहे ते नकाशावर नंतर बघता येईल. न बघितलं तरी विमान चुकत नाही. ग्रुपमध्ये साडू, मेहुणी आणि दुसऱ्या मजल्यावरचे ते काका हवेतच, जे सिंगापूरला जाऊन आल्यापासून सगळ्या जगाबद्दल बोलतात.

महिना मे घ्या. मुलांना सुट्टी असते आणि तिकिटं महाग असतात, म्हणजे परत आल्यावर सांगायला आकडाही मिळतो. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, आपण इकडे घामाघूम होतो तेव्हा तिकडे थंडीची चाहूल लागलेली असते, अशी माहिती ग्रुपवर कुणी टाकलीच तर तिला अंगठा दाखवा आणि पोहण्याचे कपडे भरा. साडेपाचशे मीटर उंचीवरच्या क्यूरपिपमध्ये भुरभुर पाऊस सुरू झाला, की कपाटात राहिलेली शाल आठवेलच. काटकसर करायची असेल तर फेब्रुवारीचं पॅकेज बघा. स्वस्त का, ते विचारू नका. तिकडे चक्रीवादळाचे एक ते चार असे इशारे देतात. तीन नंबरचा लागला की सगळं बंद, तुम्ही हॉटेलच्या खोलीत, आणि खरी किंमत बॅगेतल्या चिवड्याला.

बॅगेवरून आठवलं. सहलीतला खरा अभ्यासाचा विषय तोच आहे. चाळीस ठेपले (प्रवासात सगळेच गुजराती होतात), शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भडंग, आणि तीन पिशव्यांत बांधलेलं लिंबाचं लोणचं, जे चौथ्या पिशवीतही गळलं असतं. वर पाणी उकळायची किटली. वजन जास्त भरलं तर कपडे काढा, लोणचं नाही. कारण ‘तिकडे आपलं काही मिळत नाही’ हे आपल्याला निघण्यापूर्वीच माहीत असतं.

तिकडे रस्त्यावर गाड्यांवर ‘ढोल पुरी’ मिळते. वाटलेली डाळ भरून लाटलेली मऊ पोळी, जोडीनं द्यायची, आत दाण्यांची रस्साभाजी आणि चटणी. थोडक्यात, गूळ घालायला विसरलेली पुरणपोळी. साहेबापासून हमालापर्यंत सगळे ती उभ्यानं खातात. तुम्ही खाऊ नका. बाहेरचं बाधतं. बसमध्ये बसून काचेतून बघा आणि ठेपला उलगडा.

बस असतेच. सहाला उठणं, सातला नाश्ता, आठला निघणं. समुद्रकाठी निवांत पडायला आलेल्या माणसाला इतकं निवांत पडू देणं टूर मॅनेजरला परवडत नाही. शामारेलची सात रंगांची माती बघायला वीस मिनिटं मिळतील. पाचच रंग मोजून झाले तर उरलेले दोन मोबाइलमध्ये घाला. ही माती म्हणजे कुजून भुगा झालेला बेसॉल्ट. पृथ्वीच्या पोटातल्या, लाव्हा वर फेकणाऱ्या ज्या तप्त बिंदूमुळे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपला दख्खनचा कातळ तयार झाला, असं भूवैज्ञानिक सांगतात, त्यातूनच पुढे कधीतरी हे बेटही वर आलं. म्हणजे सिंहगडाचा धाकटा भाऊच. पण हे कुणाला सांगू नका. दगडच बघायचे होते तर खेड-शिवापूरचा टोल भरला असता, असं काका म्हणतील.

समुद्राबाबतही सावध राहा. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाची भिंत आहे. लाटा बाहेरच फुटतात, आत गुडघाभर निळं, स्वच्छ पाणी. त्यात उभं राहून म्हणायचं वाक्य आत्ताच पाठ करा : ‘आपल्या गुहागरलाही असंच आहे, फक्त आपण मार्केटिंग करत नाही.’

पोर्ट लुईमध्ये दोन गोष्टी जवळजवळ आहेत. एक, कोदान वॉटरफ्रंटवरची दुकानं. दुसरी, आप्रवासी घाट. १८३४ पासून करारावर आणलेले मजूर तिथे उतरवले जात. सगळे मिळून जवळजवळ पाच लाख. तिथे दगडी पायऱ्या आहेत, सोळा. फ्रिजवर लावायची चुंबकं आणि डोडोचे टी-शर्ट मात्र दुकानांत, तेव्हा वेळ कुठे द्यायचा ते उघड आहे. त्या मजुरांत मुंबई बंदरातून निघालेले कोकणातले लोकही होते. त्यांची नातवंडं-पतवंडं घरात क्रिओल बोलतात, कोकणातली जाखडी अजून ‘झाकरी’ म्हणून नाचतात, आणि गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. असल्या लोकांशी ओळख वाढवू नका. मराठी माणसं बघायला कुणी परदेशी जातं का?

तरीही शेवटच्या मोकळ्या दिवशी टॅक्सीत गाठ पडतेच. ड्रायव्हर आरशातून बघत विचारेल, ‘मराठी?’ मग छातीवर हात ठेवून म्हणेल, ‘मी पण मराठी.’ त्याला इंग्रजीत विचारा, जवळपास इंडियन जेवण कुठे मिळेल? तो खुशीत गाडी वळवून थेट ढोल पुरीच्या गाडीपुढे उभी करेल. नको नको म्हणा. माणूस बिचारा हिरमुसला दिसला, तर डबा उघडून एक ठेपला त्याच्या हातावर ठेवा. तो वास घेईल, तुकडा मोडेल, चावेल आणि त्याचा चेहरा उजळेल.

‘फराटा!’

त्याला लगेच दुरुस्त करा.